संवाद स्पष्ट ऐकू यायला हवेत: घरच्या हॉलमध्ये ५.१ होम थिएटरची जोडणी

नवं होम थिएटर घेतलेल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. अख्खा पिक्चर रिमोट हातात धरून बघायचा. यात स्पीकरचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा जागा, वायर किंवा सेटिंग यांपैकी एक गोष्ट चुकलेली असते आणि ती फुकटात दुरुस्त होते.

हा लेख ५.१ संचासाठी आहे. त्यात एक एव्ही रिसीव्हर (टीव्ही, बॉक्स आणि सगळे स्पीकर ज्याला जोडायचे तो मुख्य डबा), समोरचे डावा-उजवा आणि मधला सेंटर, बाजूचे दोन सराउंड आणि खालचे जड स्वर वाजवणारा, स्वतःची वीज-पिन असलेला सबवूफर येतो. पाच म्हणजे ते पाच स्पीकर आणि पॉइंट एक म्हणजे सबवूफर. साउंडबार घेतला असेल तर थेट एचडीएमआयच्या भागापासून वाचा, त्यातलं बरंच तुम्हालाही लागू पडतं.

जुन्या डीव्हीडीवाल्या होम थिएटरचे स्पीकर नव्या रिसीव्हरला लावायचा विचार असेल, तर स्पीकरच्या मागचं लेबल आधी वाचा. त्यांतले बरेच ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि घरगुती रिसीव्हर सहसा ६ ओहम किंवा त्याहून जास्तच्या स्पीकरसाठी बनवलेले असतात. ओहम कमी असले की स्पीकर जास्त करंट ओढतो, रिसीव्हर तापतो आणि मध्येच बंद पडतो. त्या संचाच्या वूफरला वेगळी वीज-पिन नसेल तर तो नव्या रिसीव्हरच्या सबवूफर आउटवर वाजणार नाही. तिथून येणारा सिग्नल फार बारीक असतो, वूफरला तो स्वतः मोठा करून घ्यावा लागतो.

आधी जागा ठरवा

नाशिकच्या सिडकोतलं रो हाउस असो की गंगापूर रोडचा नवा फ्लॅट, हॉलची मांडणी साधारण एकच असते. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, एका अंगाला बाल्कनीचा सरकता दरवाजा, खाली गुळगुळीत टाइल्स. आपल्याला याच मांडणीत काम करायचं आहे.

समोरचे दोन स्पीकर किती लांब ठेवायचे याला साधा हिशोब आहे. सोफ्यापासून टीव्ही १० फुटांवर असेल तर दोघांमधलं अंतर ८ ते ११ फूट असावं. त्यात ते बसायच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्हीकडे २२ ते ३० अंशांत येतात. हॉल ११ फूट रुंद असेल तर ८ फुटांवर थांबा, नाहीतर स्पीकर कोपऱ्यात जाऊन घुमायला लागतील. स्पीकरच्या वरच्या बाजूचा छोटा भाग म्हणजे ट्वीटर, तो बसल्यावर कानाच्या पातळीला यायला हवा. जमिनीपासून साधारण ३ ते साडेतीन फूट.

सराउंड स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या किंचित मागे, आणि कानापेक्षा दीड-दोन फूट वर लावा. सोफा भिंतीलाच टेकलेला असेल तर मागे जागा उरत नाही. मग ते बरोबर कानाच्या रेषेत बाजूला आले तरी चालतं. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर डोक्यामागे मात्र लावू नका. कानापासून हातभर अंतरावरचा स्पीकर सगळं लक्ष स्वतःकडे ओढतो. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेता आला तर जरूर घ्या, भिंतीला चिकटून बसलं की खालचे स्वर फुगलेले ऐकू येतात.

आता सेंटर. पिक्चरमधले जवळजवळ सगळे संवाद याच एका स्पीकरमधून येतात, तरी घराघरात त्याचीच आबाळ होते. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला, पुढे फुलदाणी, वर सेट टॉप बॉक्स. कप्प्यात खोल गेलेल्या सेंटरचा आवाज लाकडावर आपटून मगच बाहेर येतो आणि शब्द डब्यातून बोलल्यासारखे होतात. स्पीकरचं तोंड युनिटच्या कडेशी आणा, अगदी अर्धा इंच बाहेर आलं तरी हरकत नाही. युनिट बुटकं असेल तर पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे ठेवून स्पीकर वर, बसलेल्याच्या तोंडाच्या दिशेने कलता करा. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटलेली दिसते.

भिंतीवर स्पीकर टांगण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारून घ्या. नव्या इमारतींमध्ये बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती असतात, त्यांत विटेच्या भिंतीचा साधा रावल प्लग ढिला पडतो. त्यासाठी वेगळे, लांब प्लग मिळतात.

वायर किती आणि कोणती

११ बाय १६ फुटांच्या हॉलचा हिशोब करून बघू. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, रिसीव्हर त्याच्या खाली. समोरच्या दोघांना प्रत्येकी ३ मीटर, सेंटरला २ मीटर. एका सराउंडला कोपऱ्यातून भिंतीच्या कडेने जाऊन वर चढेपर्यंत ९ मीटर. दुसऱ्या बाजूला दरवाजा आडवा येतो, वायर चौकटीवरून फिरवावी लागते, म्हणून १२ मीटर. बेरीज २९. दुकानातून ३५ मीटर आणा. जोड दिलेली वायर पुढे कधीतरी त्रास देतेच, त्यामुळे तुकडे जोडण्यापेक्षा जास्तीची आणलेली परवडते.

१.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर या अंतरांना पुरेशी आहे. १२ मीटरच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.३ ओहम होतो, ६ ओहमच्या स्पीकरच्या तो पाच टक्क्यांच्या आतच राहतो. यापेक्षा जाड वायरचा आग्रह दुकानदाराने धरला तरी या हॉलसाठी गरज नाही. घराच्या वायरिंगची १.५ ची बारीक तारांची लाल-काळी वायर स्पीकरसाठी उत्तम चालते, आणि रंगांमुळे प्लस-मायनसचा घोळही होत नाही.

एम. जी. रोडला किंवा कुठेही जाडजूड पारदर्शक वायर फारच स्वस्त मिळाली तर चाकूने एक तार खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध जास्त असतो आणि दोन-चार वेळा वाकवलं की तार तुटते.

वायर केसिंग पट्टीतून न्या. नवीन घराचं काम चालू असेल तर वायरमनला भिंतीत स्पीकरसाठी वेगळा पाइप टाकायला सांगा. २३० व्होल्टच्या वायरच्या पाइपमध्ये स्पीकरची वायर कधीही घालू नका. आतलं इन्सुलेशन कुठे खरवडलं गेलं तर वीज थेट स्पीकरच्या पेटीत येईल. शेजारून न्यायचीच असेल तर फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायची असेल तर काटकोनात.

स्पीकर जोडणं

रिसीव्हरची पिन बोर्डमधून काढा. नुसता रिमोटने बंद करून भागत नाही.

वायरचं टोक १ ते १.२ सेंटिमीटर सोला. उघड्या तारा चिमटीत धरून एकाच दिशेने घट्ट पिळा, एकही केस सुटा राहता कामा नये. रिसीव्हरच्या मागचा लाल स्क्रू सैल केला की त्याच्या दांड्यात आडवं भोक दिसतं. पिळलेलं टोक त्यातून घाला आणि स्क्रू आवळा. आता मोबाइलची बॅटरी मारून बघा: प्लास्टिकचं आवरण भोकाच्या तोंडाशी आलेलं असावं आणि लाल-काळ्याच्या मध्ये एकही तार डोकावत नसावी. तो एक सुटा केस शेजारच्या स्क्रूला टेकला की शॉर्ट होतो. रिसीव्हर चालू होताच खट्ट आवाज करून बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकतो. नवीन रिसीव्हर ‘खराब निघाला’ म्हणून दुकानात परत नेतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. हात थरथरत असेल किंवा जागा अडचणीची असेल तर बनाना प्लग लावा, म्हणजे वायरच्या टोकाला बसवून थेट खुपसायची पिन.

लाल ते लाल, काळा ते काळा, पाचही स्पीकरना. एक स्पीकर जरी उलटा जोडला गेला तरी आवाज येत राहतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधोमध येणारा आवाज कुठून येतो ते कळेनासं होतं. शंका असेल तर वायर रिसीव्हरकडून सोडवा आणि तिच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस लाल वायरला. पडदा पुढे आला तर जोडणी बरोबर आहे.

सबवूफरला स्पीकरची वायर लागत नाही. रिसीव्हरच्या ‘सबवूफर आउट’पासून सबवूफरच्या ‘एलएफई’ किंवा ‘लाइन इन’पर्यंत एकच आरसीए केबल जाते. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर नॉब (कुठल्या हर्ट्झच्या खालचे स्वर सबवूफरने वाजवायचे ते ठरवणारा) पूर्ण वर न्या, कारण ते काम आता रिसीव्हर करणार आहे. व्हॉल्यूम अर्ध्यावर, फेज शून्यावर. स्टँडबायचं बटण ‘ऑटो’वर असेल तर रात्री हळू आवाजात तो झोपून जातो, तसं होत असेल तर ‘ऑन’वर ठेवा.

त्याची जागा शोधायची एक खात्रीची युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. आपल्या नाशिक ढोलाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यावर रांगत फिरा, कान सबवूफर जिथे ठेवता येईल त्या उंचीवर. काही ठिकाणी ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येईल, काही ठिकाणी जवळजवळ गायब होतील. जिथे प्रत्येक टिपरू वेगळं आणि भरीव ऐकू येतं, तिथे सबवूफर ठेवा. फ्लॅट असेल तर खाली जाड रबर किंवा फोम घाला, खालच्या घराचं छत म्हणजे तुमची फरशीच असते.

एचडीएमआय: कुठलं भोक कुठे

रिसीव्हरच्या मागे एचडीएमआयची पाच-सहा भोकं असतात, पण त्यातलं ‘आउट’ लिहिलेलं, शेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असा शिक्का असलेलं एकच टीव्हीकडे जातं. टीव्हीवरही ज्या भोकाजवळ तीच अक्षरं असतील तिथेच दुसरं टोक लावा. टीव्हीच्या दुसऱ्या कुठल्याही भोकात लावलं तर चित्र दिसेल, पण टीव्हीवरच्या ॲपचा आवाज रिसीव्हरकडे परत येणार नाही. एआरसी म्हणजे हाच परतीचा रस्ता.

सेट टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरच्या ‘इन’ भोकांना लावा. अपवाद एकच: रिसीव्हर जुना असेल आणि त्यातून फोर-के चित्र पुढे जात नसेल, पडदा काळा राहत असेल, तर ते उपकरण थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने परत आणा.

साधा एआरसी डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस (५.१ आवाज दाबून पाठवायच्या दोन पद्धती) वाहून नेतो, ओटीटी ॲपसाठी तेवढं पुरतं. ब्लू-रेवरचा दर्जा जराही न घटवलेला आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल तरच ईएआरसी लागतो. टीव्हीला एआरसीच नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून ५.१ येतं, मात्र डॉल्बी डिजिटलपर्यंतच.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. आवाजाचं आउटपुट ‘एचडीएमआय एआरसी’वर ठेवा. त्याच पानावर किंवा ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘डिजिटल साउंड आउटपुट’ नावाची ओळ सापडेल. तिथे ‘पीसीएम’ असेल तर ते बदलून ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ करा. ही एक ओळ अनेक घरांत कधीच बदललेली नसते. एआरसीवर पीसीएम म्हणजे टीव्ही सहा वाटांचा आवाज दोनांत कोंबून पाठवतो, आणि सेंटरकडे वेगळा संवाद पोहोचतच नाही.

बरोबर झालं की नाही ते रिसीव्हरच्या पुढच्या पट्टीवर वाचता येतं. ओटीटीवर ५.१ लिहिलेला पिक्चर लावा. पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डॉल्बी डी प्लस’ उमटलं तर काम फत्ते. नुसतं ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ दिसलं तर पुन्हा टीव्हीच्या सेटिंगकडे.

‘ऑल चॅनल स्टिरिओ’ या मोडपासून जपा. पाचही स्पीकर दणकून वाजतात म्हणून तो सराउंड वाटतो, पण सगळीकडून तोच आवाज येत असतो. मराठी वाहिन्यांवरच्या बहुतेक मालिका आणि बातम्या मुळातच दोन वाटांच्या असतात. त्यांच्यासाठी ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘न्यूरल एक्स’ मोड लावा, तो संवाद ओळखून सेंटरकडे पाठवतो.

रिसीव्हरला खोली समजावून सांगणं

रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो. डेनॉनमध्ये या सोयीचं नाव ऑडिसी, यामाहात वायपीएओ, काम एकच: स्पीकरचं अंतर आणि आवाज मोजून जुळवणं. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नका. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या जागी आणि त्या उंचीवर ठेवा.

वेळ निवडणं महत्त्वाचं आहे. पंखा बंद, कूलर बंद, शक्य असेल तर फ्रिजचं बटणही दहा मिनिटं बंद. सकाळी घंटागाडी आणि कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी रस्ता. दुपारी दोन ते चार सगळ्यांत बरं. पंख्याची घरघर माइकला खालच्या स्वरासारखी वाटते आणि मोजमाप बिघडतं. ‘आजूबाजूला आवाज जास्त आहे’ असा संदेश आला तर आधी छताकडे बघा.

मोजणी झाल्यावर आकडे स्वतः तपासा, टेप घेऊन. पाच स्पीकरची अंतरं खऱ्याच्या आसपास हवीत. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसेल, ते तसंच राहू द्या. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ रिसीव्हरने अंतरात धरलेला असतो. सबवूफरची पातळी उणे १२ वर टेकलेली दिसली तर त्याचा नॉब कमी करून मोजणी पुन्हा करा.

मग प्रत्येक स्पीकरचा आकार बघा. मोजणीने ‘लार्ज’ ठरवला असला तरी ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. हाताच्या तळव्याएवढे बारके स्पीकर असतील तर १००-१२०. स्पीकर घेतला मोठा आणि सेटिंग छोटं, याने जीव हळहळतो खरा. पण यामुळे खालच्या स्वरांचं ओझं सबवूफर उचलतो आणि सेंटर संवादासाठी मोकळा राहतो.

शेवटी सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. एवढंच. सेंटर स्पीकर अजून घेतलाच नसेल तर सेटिंगमध्ये ‘नन’ करायला विसरू नका. नाहीतर रिसीव्हर सगळे संवाद त्या जागेवर नसलेल्या सेंटरकडे पाठवत राहतो आणि पार्श्वसंगीतच तेवढं वाजतं.

रोजचं चालवणं

टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत सीईसी चालू करा. सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिंपलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’ नावाने सापडतं. मग टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो आणि आवाजही कमी-जास्त होतो. घरात आजी-आजोबा असतील तर हे आधी करा. बातम्या लावायला तीन रिमोट लागले तर तो संच महिन्याभरात धूळ खातो.

बऱ्याच रिसीव्हरचा आवाज उणे आकड्यांत दिसतो. उणे ४० म्हणजे हळू, उणे २० म्हणजे जोरात, शून्य म्हणजे थिएटरएवढा. मेनूत ‘मॅक्सिमम व्हॉल्यूम’ आणि ‘पॉवर ऑन व्हॉल्यूम’ असतात. पहिला उणे १५ ला, दुसरा उणे ४० ला बांधून ठेवा, म्हणजे लहान मुलाच्या हातात रिमोट गेला तरी भीती नाही.

रात्री १० नंतर ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ लावा. स्फोट दबतात, कुजबुज वर येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. भिंतीपलीकडे सगळ्यात आधी सबवूफर पोहोचतो, म्हणून रात्री फक्त त्याची पातळी ६ डेसिबलने उतरवली तरी शेजाऱ्यांना फरक कळतो.

बिघाड आणि त्यांची मुळं

सबवूफरमधून सतत ‘हुंऽऽ’ येत असेल तर आधी त्याची आरसीए केबल काढा. गुणगुण थांबली तर सेट टॉप बॉक्सची डिशची वायर सोडवून बघा. बहुतेक वेळा ती गच्चीवरून वेगळं अर्थिंग घेऊन आलेली असते आणि दोन अर्थिंगमध्ये ५० हर्ट्झचा करंट फिरतो. टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, सबवूफर सगळे एकाच बोर्डवर आणा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसारख्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असूनही मागे अर्थची वायर नसते, तेही बघा. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कापणं जिवावर बेतू शकतं.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, किंवा उलट. शब्द आधी येत असतील तर रिसीव्हरचा ‘ऑडिओ डिले’ २० मिलिसेकंदांच्या पायरीने वाढवा. शब्द उशिरा येत असतील तर आधी रिसीव्हरमधला डिले शून्य करा, मग टीव्हीतला.

उन्हाळ्यात दुपारी रिसीव्हर आपोआप बंद होतो: वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, त्याच्या डोक्यावर बॉक्स ठेवू नका, युनिटचं दार उघडं ठेवा.

मे महिन्यात वळवाचा कडकडाट सुरू झाला की पिन काढताना डिशची वायरही काढा. विजेचा झटका तिच्यातून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमध्ये शिरतो आणि रिसीव्हरची एचडीएमआयची भोकं जळतात. स्पाइक गार्ड फक्त वीज-पिनेकडून येणारा झटका अडवतो.

सगळं जुळल्यावर रिसीव्हरच्या अंतराच्या, पातळीच्या आणि क्रॉसओव्हरच्या पानांचे, तसंच मागच्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुणी चुकून रिसेट केलं किंवा दिवाळीच्या साफसफाईत वायरी सुटल्या, तर सगळं पहिल्यापासून शोधत बसायची वेळ येत नाही. फोटोतले आकडे दहा मिनिटांत भरता येतात.